घेऊ का?

काका प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले की मांडवातला गलका आपोआप उतरायचा. गळ्यात पेंटॅक्स कॅमेरा, शर्टाच्या खिशात दोन जादा रोल, कपाळावर घाम. "अहो जावईबापू, हसायला पैसे पडत नाहीत. पडले तर माझ्या खात्यावर मांडा. आत्याबाई, मागं का लपताय, कुणाचं देणं लागताय का? पुढं या. तात्या, टोपी जरा वर घ्या, लेकाच्या लग्नात कपाळ दिसू द्या. हां. आता सगळ्यांनी डोळे मिटा. मिटा म्हणतोय! मी तीन म्हणलं की उघडायचे. एक... दोन..." तीस-चाळीस माणसं शहाण्या मुलांसारखी डोळे मिटून उभी राहायची आणि तीनला एकदम उघडायची. फोटोत एकाचीही पापणी खाली आलेली नसायची. रोलमध्ये ३६ फोटो, भरणाऱ्याचा हात बसलेला असेल तर ३८. त्यातला एकही वाया घालवणं काकांना परवडायचं नाही.

मी शेजारी हॅलोजन धरून उभी. व्हिडिओवाल्याचा पोरगा आला नाही की ते काम माझ्याकडे यायचं. हजार वॅटचा तो दिवा हाताला चटके द्यायचा, त्याच्याभोवती किडे गोळा व्हायचे, पण मला ते काम मनापासून आवडायचं. दिव्याचा सगळा झोत समोरच्यांच्या तोंडावर. दिव्याच्या मागे अंधार, आणि अंधारात उभ्या असलेल्या मुलीला कुणी विचारत नाही की तू कुणाची, कितवीला आहेस, लग्नाचं काय ठरलं. साल २००१, मी १९ वर्षांची, आणि हे तीन प्रश्न चुकवण्यासाठी मी त्या वयात काहीही धरून उभी राहिले असते.

आमचा स्टुडिओ कराडला. म्हणजे काकांचा, मी नंतर आले. वडील लवकर गेले आणि काकांनी 'बसून राहण्यापेक्षा दुकानात बस' म्हणून मला नेलं. दुकानात बसणं मला जमायचं. दुकानात बोलणं जमायचं नाही. गिऱ्हाईक आलं की मी पावतीबुकात तोंड घालायचे. "पोरगी घुमी आहे जरा," असं काका माझ्यादेखत सांगायचे, वर "पण हात चांगलाय" अशी पुस्ती जोडायचे.

घुमी. मराठीत माझ्यासारख्यांसाठी शब्दांची ददात नाही. घुमा, एकलकोंडा, मुखदुर्बळ, माणूसघाणा, तुसडा, कुढा. एक 'मितभाषी' तेवढा चांगला, पण तो निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्काराच्या भाषणात वापरतात. उलट काकांसारख्यांना मोकळा, दिलखुलास, माणसांतला. आता वाचाळ आणि आगाऊ हेही शब्द आहेत, मी दोन्ही काकांना मनातल्या मनात वापरलेले आहेत. पण एकूण माप त्यांच्या बाजूनेच झुकतं. 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' ही जोडी मला फार पुढे कळली. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली माणसांची अशी विभागणी मांडली, आणि त्याच्या मनात लाजण्या-बुजण्याचा संबंध फारसा नव्हता. माणसाची ओढ बाहेरच्या जगाकडे आहे की आतल्या, एवढाच त्याचा प्रश्न. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. आपण मुखदुर्बळ नाही, अंतर्मुख आहोत! रोगाला चांगलं नाव मिळालं की निम्मा रोग बरा होतो.

आमच्या धंद्यात या जोडीवर हल्ली फार बोललं जातं. नव्या मुलांच्या कार्यशाळा होतात, तिथे हमखास कुणीतरी विचारतं, मी अंतर्मुख आहे, मला लग्नाची फोटोग्राफी जमेल का? आणि उत्तरही हमखास ठरलेलं असतं: जमेल, उलट शांत माणसं जास्त निरीक्षण करतात, त्यांना बारकावे दिसतात, त्यांचे फोटो खोल असतात. मीही हे उत्तर दिलेलं आहे. एके काळी माझा त्यावर विश्वास होता.

विश्वास बसायला कारणं होती. वधूच्या खोलीत काकांना जाता यायचं नाही, म्हणून मला पाठवायचे. आत पाच-सहा बायका, हिरव्या चुड्याचा आवाज, शेवंतीच्या वेण्यांचा ओला वास, कुणीतरी सेफ्टी पिन शोधतंय, कुणाचं तरी पोर रडतंय. मी कोपऱ्यात उभी राहायचे. दहा मिनिटांत सगळ्यांना माझा विसर पडायचा. मग मुंडावळ्या बांधताना आईचे हात थरथरलेले दिसायचे, करवलीने आरशात स्वतःलाच चोरून बघितलेलं दिसायचं. एक नवरी मला म्हणाली होती, "ताई, तुम्ही बोलत नाही ते बरंय." तिची आई वर्षभरापूर्वी गेली होती. बाहेर स्टेजवर काका तिला "अशी तोंड पाडून उभी राहिलीस तर नवरा पळून जाईल" म्हणत होते आणि ती ओठ ताणून हसत होती. त्या अल्बममधले स्टेजवरचे तिचे सगळे फोटो खोटे आहेत. खोलीतले दोन खरे आहेत, ते माझे.

होमाई व्यारावाला यांनी कुठेतरी सांगितलेली गोष्ट मला म्हणूनच आपली वाटते. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या या पारशी बाई म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, भला थोरला कॅमेरा घेऊन त्या दिल्लीत हिंडायच्या. ही बाई उगाच कॅमेऱ्याशी खेळतेय असं लोकांना वाटायचं, कुणी गंभीरपणे घ्यायचं नाही, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडलं. जिथे इतरांना अडवलं असतं तिथे त्यांना कुणी अडवलं नाही. कुणाच्या खिजगणतीत नसणं हा किती मोठा पास आहे, हे मला वधूच्या खोलीत कळलं होतं.

दुकानात काकांचा जुना याशिका होता, दोन भिंगांचा, १२० च्या रोलवर चालणारा. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरतात आणि वरून, मान खाली घालून, काचेत बघतात. काचेत जग उलटं दिसतं, डावं उजवीकडे. समोरच्याला वाटतं, ही बाई पाकिटात काहीतरी शोधतेय. मला तो कॅमेरा हातातून सोडवेना. मान खाली घालायची सवय होतीच, तिला आता कारण मिळालं.

तशाच बनावटीचा, पण रॉलीफ्लेक्स, शिकागोतल्या एका आयाच्या गळ्यात असायचा. व्हिव्हियन मायर. जन्म १९२६. दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यात आयुष्य गेलं, सुट्टीच्या वेळात आणि मुलांना फिरायला नेताना रस्त्यावर फोटो काढत राहिली. लाखावर निगेटिव्ह. शेकडो रोल तर धुतलेच नाहीत. कुणाला फारसे दाखवले नाहीत. गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ साली तिची खोकी लिलावात गेली, ज्यांनी ती घेतली त्यांच्या ध्यानात हळूहळू आलं की हे काय आहे, आणि तोवर २००९ च्या एप्रिलमध्ये ती वारली. आता तिची प्रदर्शनं जगभर भरतात. आरशात, दुकानांच्या काचांत, स्वतःच्या सावलीत तिने काढलेले स्वतःचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या गोत्राचं कुणी एवढं मोठं असू शकतं, असं वाटलं.

हे गोत्र वगैरे मी फार दिवस मिरवलं. मग २०१२ चा एप्रिल आला.

तोवर आमच्याकडेही 'कँडिड'चं, म्हणजे माणसांना उभं न करता नकळत फोटो टिपण्याचं, वारं आलं होतं. स्टेज, हार, ग्रुप, आहेर हे काकांचं. बाकी सगळं माझं. पाठवणीची वेळ होती. सगळा लोंढा सजवलेल्या गाडीपाशी. नवरीच्या वडलांना शोधत मी मांडवामागे गेले. पाण्याच्या टँकरजवळ, पालथ्या घातलेल्या पातेल्यांच्या रांगेत एका क्रेटवर ते बसले होते. उपरण्यात तोंड खुपसलेलं, खांदे हलत होते. कनातीतून उन्हाचा पिवळा पट्टा नेमका पाठीवर. मी ४० फुटांवर, हातात लांब पल्ल्याची लेन्स. चार फ्रेम घेतल्या. त्यांना पत्ताही लागला नाही. शेवटच्या फ्रेममध्ये एक कुत्रं पातेलं चाटता चाटता थांबून त्यांच्याकडे बघतंय. असा फोटो आयुष्यात तीन-चार वेळा मिळतो.

रात्री स्टुडिओच्या फेसबुक पानावर टाकला. वर एकच शब्द लिहिला: बाप. सकाळी फोन हातात धरवेना एवढी माणसं आली होती. मुली लिहीत होत्या, आम्ही ऑफिसात रडलो.

अल्बम न्यायला ते स्वतः आले, दोन महिन्यांनी. काका पलीकडे पासपोर्ट काढत होते. चहा सांगितला. त्यांनी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश पाहिला, उरलेले पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि मग म्हणाले, "तो मोबाईलवरचा फोटो तुम्हीच काढलेला का?"

मी मान हलवली. शाबासकी येणार म्हणून आत कुठेतरी फुललेही होते.

"चांगलाय. सगळे म्हणाले, पोरीसाठी बाप कसा रडतोय बघा. पण मी पोरीसाठी रडत नव्हतो, ताई. पोरगी पुण्याला चाललेली, चांगल्या घरात, मी खुशीत होतो." थोडं थांबले. "थोरला भाऊ आला नाही. बांधावरनं बोलणं बंद आहे आमचं. तरी मी स्वतः जाऊन त्याच्या दारात पत्रिका दिलेली. खुर्ची राखून ठेवलेली त्याच्यासाठी, शेवटच्या पंगतीपर्यंत. नाही आला. म्हणून मागं जाऊन बसलो, कुणाला दिसू नये म्हणून. लोकांना काय कळलं नाही. त्याला मात्र फोटो बघून बरोबर कळलं. गावात सांगत फिरतोय, रडला म्हणं भाऊ माझ्यासाठी."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. अल्बम पिशवीत घालून ते निघून गेले. मी फोटो काढून टाकला, पण तोवर तो किती जणांच्या फोनमध्ये गेला असेल देव जाणे.

काकांनी पडद्याआडून सगळं ऐकलं होतं. रागावले नाहीत. शटर ओढताना म्हणाले, "भाऊ आला नाही हे मला अक्षता पडायच्या आधीच ठाऊक होतं. म्हणून तर घरच्यांच्या ग्रुपला मी चुलते हा शब्दच काढला नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

हे मला त्या पालथ्या पातेल्यांपेक्षा जास्त लागलं. काकांची बडबड मी इतकी वर्षं नुसती बडबड समजत होते. खरं तर मांडवात पाय ठेवल्यापासून ते माहिती गोळा करत असायचे. कुठल्या जावा एकमेकींचं तोंड बघत नाहीत, कुठल्या आत्याला मान दिला नाही तर ती जेवणार नाही, कुणाच्या घरात सुतक नुकतंच फिटलंय. खुर्चीवर चढून ते जे ओरडायचे ते या सगळ्यातून गाळून आलेलं असायचं. त्या आई गेलेल्या नवरीच्या वेळी ते चुकले, पण तसे ते क्वचित चुकत. मी मात्र निरीक्षणाचा एवढा तोरा मिरवून ४० फुटांवरून एका माणसाची पाठ पाहिली आणि वर 'बाप' असा शब्द चिकटवला.

"मी गेलो असतो ना तिथं," काका पुढे म्हणाले, "तर आधी तांब्या घेऊन गेलो असतो." हे खरं आहे. हेही खरं आहे की पाणी पाजून झाल्यावर त्यांनी त्या बिचाऱ्याला दंडाला धरून उठवलं असतं, "चला, गाडीपाशी एक फोटो राहिलाय" म्हणून.

त्यानंतर बरेच दिवस मी थोरामोठ्यांचे फोटो वेगळ्याच नजरेने बघत होते. फोटो कसा आहे हे सोडून, हा विचारून काढलाय का, एवढंच मनात यायचं. आमच्या धंद्यात विचारणाऱ्यांपेक्षा न विचारणाऱ्यांचं कौतुक जास्त आहे, हे तेव्हा लक्षात आलं. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागावर काळी पट्टी लावली होती, कुणाला कॅमेरा दिसू नये म्हणून. आणि स्वतःचा फोटो कुणी काढलेला त्यालाच आवडायचा नाही. पूर्वी हे वाचून मला तो फार जवळचा वाटायचा. आता त्यातली गंमत दिसते. मायरच्या बाबतीत तर हे अंगावर येतं. रस्त्यावरच्या माणसांना तिने विचारलं नसेल बहुतेकदा, आणि तिची खोकी फोडून तिचे फोटो जगाला दाखवताना तिलाही कुणी विचारलं नाही. ती नको म्हणाली असती का? तिच्या स्वभावावरून मला वाटतं, म्हणाली असती. आणि तरी मी ते फोटो बघते, पुस्तक विकत घेते, हेही आहेच.

उलट कॅनडाचा छायाचित्रकार युसुफ कार्श. ३० डिसेंबर १९४१, ओटावा. चर्चिल कॅनडाच्या संसदेत भाषण करून शेजारच्या दालनात आले. फोटो काढायचाय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वैतागून एका फोटोला तयार झाले, सिगार तोंडातच. कार्शने राखदाणी पुढे केली, त्यांनी बघितलंही नाही. तेव्हा हा अदबशीर माणूस जवळ गेला, माफी मागितली आणि सिगार सरळ त्यांच्या तोंडातून काढून घेतला. चर्चिल खाऊ की गिळू करून बघत असताना खटका दाबला. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे, पाच पौंडांच्या नोटेवरसुद्धा आला. याला बोलका म्हणायचं की अबोल? उद्धट तर नक्कीच, पण तोंडावर. चर्चिलना पुरतं ठाऊक होतं की आपल्याशी काय चाललंय, आणि ते लगेच हसून आणखी एका फोटोला तयार झाले.

मला सगळ्यात आवडतो तो मार्गारेट बर्क-व्हाइटचा प्रसंग. ही बाई कशाला घाबरणारी नव्हती, गगनचुंबी इमारतीच्या टोकावरून फोटो काढणारी, युद्धभूमीवर जाणारी. गांधीजींचा चरख्यासोबत फोटो हवा म्हणून १९४६ साली आली, तर त्यांच्या चिटणीसांनी सांगितलं, आधी सूत कातायला शिका. ज्याला चरखा कळत नाही तो चरख्याचा फोटो काय काढणार! बसली बापडी शिकायला. मग आत सोडलं, वर अट घातली, फ्लॅशचे बल्ब तीनच. पहिले दोन फुकट गेले, तिसरा साधला. भारतातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर ज्याची कुठली ना कुठली नक्कल लागली असेल असा तो फोटो. चिटणीसांनी तिला शिकवलं ते मी आमच्या कार्यशाळेत शिकवावं असं फार मनात येतं. केटररबरोबर तासभर वाढायला लावायचं प्रत्येकाला, मग कॅमेरा हातात द्यायचा.

आणि मला काकांचा एक वेगळाच आवाज आठवला, जो मांडवात कधी ऐकू यायचा नाही.

पूर्वी माणूस गेलं की फोटोवाल्याला बोलावणं यायचं. पुष्कळ घरांत म्हाताऱ्यांचा एकही फोटो काढलेला नसायचा. भिंतीला लावायला काहीतरी हवं, म्हणून शेवटचा तरी. मी काकांबरोबर अशा सहा-सात ठिकाणी गेले असेन. गल्लीच्या तोंडाशीच ते चप्पल काढायचे. दारात आले की त्यांचा चेहरा बदलायचा. बायकांचा आक्रोश चाललेला, उदबत्तीचा धूर, कोपऱ्यात तिरडीचे बांबू. काका घरातलं सर्वांत वयस्कर माणूस हेरायचे, त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि अगदी हळू, कानात सांगावं तसं विचारायचे, "घेऊ का?"

दोनच शब्द. समोरून मान हलली की उठायचे, दोन फोटो, फार तर तीन. फ्लॅश लागलाच तर एकदा. एकदा एका आजोबांनी बायकोच्या उशाशी बसून नाही अशी मान हलवली. बोलावलं होतं थोरल्या मुलाने. काकांनी मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. कॅमेरा पिशवीत घातला, प्रेताला नमस्कार केला आणि आम्ही पाच किलोमीटर मोटरसायकलवर रिकामे परत आलो. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "कसले पैसे? फोटो कुठं काढलाय?"

बडबड्या माणसाला गप्प बसता येतं. मला विचारता येत नव्हतं, हा खरा माझा प्रश्न, आणि त्याला मी अंतर्मुखता म्हणत आले होते. युंगने सांगितलेली ओढ माझ्यात आहे, ती असू दे. लग्न उरकलं की मला दोन दिवस कुणाचं तोंड बघवत नाही, त्याला इलाज नाही. पण ४० फुटांवरून लेन्स रोखणं ही ओढ नव्हे. ती भीती होती. समोरचा नाही म्हणेल ही भीती. त्याहून, हो म्हणेल आणि मग त्याच्याशी दोन वाक्यं बोलावी लागतील, ही.

ही भीती मला वारीत थोडी सुटली, म्हणजे तिच्यावर तोडगा मिळाला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी दिवे घाटात वारकऱ्यांइतकेच फोटोवाले असतात की काय असं वाटतं. वरच्या वळणांवर तिपाया रोवलेल्या, ड्रोन भिरभिरताहेत. बोलकी मंडळी "आज्जी, इकडं बघा, हात वर करा, विठ्ठल म्हणा" करताहेत. अबोल मंडळी लांबून टिपताहेत. डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेली बाई या दोन माऱ्यांतून चढण चढत असते.

मी २०१३ साली पहिल्यांदा गेले. लांब लेन्स मुद्दाम घरी ठेवली होती. वारीत सगळ्यांना 'माऊली' म्हणतात. वाट हवी असली तरी माऊली, धक्का लागला तरी माऊली, केळं दिलं तरी माऊली. मला एवढंच करावं लागायचं. शेजारून चालायचं, कॅमेरा छातीपर्यंत उचलायचा आणि म्हणायचं, "माऊली?" प्रश्न सगळा त्या एका शब्दाच्या हेलात. कुणी हसायचं, कुणी पदर सारखा करायचं, कुणी हाताने नको करून पुढे जायचं. एक आजी म्हणाल्या, "काढ की, पर मला दाव." दाखवला. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यात त्यांनी स्वतःला डोळे बारीक करून बघितलं. "माझी आईच दिसाय लागली की यात," म्हणाल्या आणि टाळ वाजवत निघाल्या. ते सगळे फोटो मी नंतर बघते तेव्हा त्यातले बरेच जण सरळ माझ्याकडे बघताहेत. ज्याला कँडिड म्हणतात ते त्यात काही नाही. स्पर्धेला पाठवले तर पहिल्या फेरीत बाहेर जातील.

काही गमावलंही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण विचारलं की सगळं छान होतं असं नाही. विचारल्यावर माणूस बदलतो. खांदे सरळ होतात, रडणं आवरलं जातं. त्या दिवशी टँकरजवळ जाऊन मी "घेऊ का?" म्हटलं असतं, तर कनातीतला तो पिवळा पट्टा, ते कुत्रं, ते हलणारे खांदे, काहीच मिळालं नसतं. तो फोटो मला अजून हवासा वाटतो. हार्डडिस्कवर चारही फ्रेम आहेत. पुसवत नाहीत, उघडवतही नाहीत.

काकांनी पाच वर्षांपूर्वी काम बंद केलं. "बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, तुझं कसं व्हायचं" असं बजावून किल्ली दिली. झालं बरं. मी एक पोरगा ठेवला आहे, बावीसचा, काकांचाच अवतार. खुर्चीवर चढतो आणि मांडव डोक्यावर घेतो. मला तो संध्याकाळी फार होतो. पण कुठल्या घरात काय शिजतंय ते तो मला कानात येऊन सांगतो, आणि तो नसला तर मी स्वतः विचारते. अडखळत, घाम पुसत, पण विचारते.

मागच्या वर्षी काकांचा अमृतमहोत्सव झाला. घरच्या घरी, ७५ दिव्यांनी ओवाळून. पत्रिकेवर छापायला त्यांचा फोटो हवा म्हणून शोधायला लागलो तर नाही! एवढ्या वर्षांचा स्टुडिओ, पोतंभर निगेटिव्ह, तालुक्यातली अर्धी माणसं त्या पोत्यात, आणि काका कुठेच नाहीत. एका लग्नाच्या ग्रुपमध्ये खाली जमिनीवर खुर्चीची आणि तिच्यावर उभ्या माणसाची लांबुडकी सावली आहे, तेवढी.

मग त्यांनाच स्टुलावर बसवलं. तोच निळा पडदा, त्याच दोन छत्र्या. आणि हा माणूस, ज्याने दगडांना हसवलं, तो पासपोर्टला बसलेल्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा ताठ. हात गुडघ्यांवर, नजर भिंगात घुसलेली, ओठ आवळलेले. मी म्हटलं, हनुवटी खाली. खाली केली. म्हटलं, हसायला पैसे पडत नाहीत. काही उपयोग नाही. आमचा पोरगा त्यांचेच सगळे विनोद त्यांना ऐकवून दमला. काकू दारातून म्हणाली, "बघ गं बाई, पन्नास वर्षं हाच माणूस दुसऱ्यांना छळत होता."

शेवटी मी सगळ्यांना बाहेर पाठवलं. दार लोटलं. काकांच्या समोर उकिडवी बसले, कॅमेरा मांडीवर. काय बोलावं ते सुचेना, सुचत नाहीच. पुष्कळ वेळ गेला असावा. मग तोंडातून आपसूक, हळू आवाजात आलं,

"घेऊ का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. तो आवाज त्यांनी ओळखला.

"मेलो नाही गं अजून!" म्हणाले, आणि असे काही हसले की स्टूल करकरलं, डोळ्यांत पाणी आलं, वरच्या कवळीची तार दिसली. मी घाईत घेतला तो फोटो, ८५ ची लेन्स पूर्ण उघडी होती, फोकस गेला कानावर. चेहरा सगळा मऊ, पुसट, आणि उजवा कान केसानिशी लख्ख.

पडदा डोळ्यांजवळ धरून काकांनी तो बारकाईने तपासला, पूर्वी ओले प्रिंट तपासायचे तसा.

"कान चांगला आलाय," म्हणाले. "हाच छाप."